डावा कान

विशाखापट्टणम,
९ जून २०२५

प्रिय मामा,

पोचले. फोन केला असता, पण तुझा डावा कान गेलेला, उजवा तू मोबाइलला लावत नाहीस, आणि मामीने स्पीकर लावला की गॅलरीतल्या बारा खोल्यांना माझी खुशाली कळते. शिवाय इथे दिवसभर मोबाइल गेटवर जमा असतो. तेव्हा कागदच बरा. तू बोटीवरून आईला लिहिलेली पत्रं तिने अजून ठेवलीत. आता माझी तू ठेव.

आम्ही चौघी आहोत. पाणबुडीसाठी नौदलाने पहिल्यांदाच मुलींकडून अर्ज मागवले आणि त्यात तुझ्या भाचीचा नंबर लागला. सोबत एकोणीस मुलगे. सहा महिन्यांचा कोर्स, मग बोट. माझ्या खोलीत अक्षता आहे, चिपळूणची. झोपेत व्हॉल्व्हची नावं बडबडते.

आईने एक बातमी दिली. मंडळाच्या मीटिंगमध्ये माझ्या सत्काराचं ठरत होतं, तेव्हा तू उठून म्हणालास म्हणे, "पोरगी हुशार आहे, पण पाणबुडी हे बायकांचं काम नाही." मामा, निदान माझा सत्कार तरी होऊ द्यायचास.

तुझी कारणं मला पाठ आहेत. पन्नास माणसांत दोन संडास. आंघोळीच्या नावाने शंख. एकाने उठायचं आणि त्याच्या गरम बिछान्यात दुसऱ्याने झोपायचं. मग आजीची खाणावळ काय होती, सांग. तू बसलायस त्याच खोलीत सोळा गिरणी कामगार पाळीपाळीने वळकट्या पसरून झोपायचे, आणि त्यांच्यात आजी एकटी बाई. पदर खोचून भाकऱ्या थापायची. कुणाची वाकडं बघायची हिंमत झाली नाही. हे बायकांचं काम आहे का, असं तिला कुणी विचारलं होतं?

उत्तर दे. टाळाटाळ चालणार नाही.

तुझी
पूर्वी


परळ,
१७ जून २०२५

चि. पूर्वी,

आशीर्वाद आहेतच, पण आधी भांडण उरकू.

आजीला मध्ये आणू नकोस. तिच्या खोलीला दार होतं. कुणाचा राग आला, डोळे भरून आले, की ती उठून गॅलरीत जायची, कठड्याला टेकून चार माणसं बघायची आणि परत चुलीशी यायची. बोटीला दार नाही. झाकण आहे, आणि ते उघडणं तुझ्या हातात नसतं.

मी अकरा वर्षं काढली. कान गेला नसता तर आणखी काढली असती. बंकवर पडलं की नाकापासून वीतभर अंतरावर पाइप. दिवस की रात्र ते घड्याळ सांगणार. कपड्यांना डिझेलचा असा वास की तुझी मामी माझी बॅग उंबऱ्याच्या आत घेत नसे. तिथे पुरुष चिडला तर शिवी देतो आणि मोकळा होतो. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं तर पन्नास जण बघणार. आणि तू घाबरलीस तर? पूर्वी घाबरली असं कुणी म्हणणार नाही. मुली घाबरल्या, असं पेपरात येईल.

दत्तारामने काल फ्लेक्स लावला. मंडळाचा सेक्रेटरी झाल्यापासून त्याचे हात शिवशिवत असतात. 'परळची वाघीण! देशाची पहिली महिला पाणबुडी अधिकारी लेफ्टनंट पूर्वी घाडी हिचे हार्दिक अभिनंदन.' नाक्यावर एक आणि आपल्या जिन्यावर एक. खाली अकरा शुभेच्छुकांचे फोटो, त्यात मीही आहे, गॉगल लावलेला. मी म्हटलं, "अरे, तिचा कोर्स तरी होऊ दे." तर म्हणतो, "मामा, टेन्शन नको. गणपतीत प्रेसवाल्यांना वेळ नसतो, आताच छापून घेतला."

रागावू नकोस. मला तुझी काळजी वाटते, ती अशीच बाहेर पडते. मामी विचारतेय, तिकडे मासे बरे मिळतात का.

तुझा
चिंतूमामा


विशाखापट्टणम,
६ जुलै २०२५

प्रिय मामा,

मासे बरे आहेत, तिखट फार. फ्लेक्सचा फोटो आईने पाठवला. तेवढा उतरवायला लाव ना, प्लीज. अक्षताने बघितला आणि आता ती मला वाघीण म्हणूनच हाक मारते.

डोळ्यांवर पट्टी बांधून व्हॉल्व्ह ओळखायचे असतात. काल बावीसच्या बावीस ओळखले, वर्गात पहिली. शिकवणारे मास्टरचीफ तुझ्याच वेळचे असावेत, पोट सुटलंय आणि सारखं 'आमच्या जमान्यात' चालू असतं. त्यांनी तुझ्यासारखंच भाषण दिलं होतं पहिल्या दिवशी. काल माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. तुझी मान कधी डोलणार?

पुढच्या आठवड्यात टाकी आहे. बुडालेल्या बोटीतून सुटायचं शिकवतात ती. पोहण्यात मी पहिली आहेच, त्यामुळे काळजी नको.

पूर्वी


परळ,
२ ऑगस्ट २०२५

चि. पूर्वी,

चार आठवडे झाले, पत्र नाही. सुभाला विचारलं तर म्हणते, लेक फोनवर 'मजेत' म्हणाली. तू लहानपणी अंगात ताप असला तरी 'मजेत' म्हणायचीस, म्हणून विचारतो. टाकी झाली का?

इथे गणपतीची तयारी जोरात. यंदाचा देखावा पाणबुडी. दत्तारामने माझ्या मानगुटीवर बसून नकाशा काढून घेतला. प्लायवूडची चाळीस फुटी बोट, आतून लोक चालत जाणार आणि शेवटी बाप्पा. पेरिस्कोप पीव्हीसी पाइपचा आहे, त्यातून केईएमचं गेट दिसतं. "आत येऊन बघा ना मामा, बरोबर झालंय का," म्हणून कारागीर बोलवतात. मी बाहेरूनच सांगतो. आत रंधा चालतो, कानाला धूळ सोसत नाही.

तुला वाटेल, विरोध करणारा मामा नकाशे काढतोय. काय करणार, सगळी चाळ तुझ्या नावाने नाचतेय. एकट्याने तोंड पाडून बसलं की दिसतं.

दोन ओळी तरी लिही.

चिंतूमामा


विशाखापट्टणम,
१० ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

हे पत्र एकट्याने वाच. आईला देऊ नकोस.

टाकी झाली नाही. लोखंडाचं उभं नळकांडं आहे, दोघं जण अंगाला अंग लावून उभे राहतील एवढं. खालचं झाकण लावतात आणि पाणी सोडतात. ते हनुवटीपर्यंत आलं की वरचं झाकण उघडतं आणि पोहत वर जायचं. हे जमल्याशिवाय बोट मिळत नाही. पाणी कमरेपर्यंत आलं आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट उरली, की हे झाकण आता उघडणार नाही. काही बिघडलं नव्हतं. सगळं नेहमीसारखं चालू होतं. थांबवायचं असेल तर हातोडीने भिंतीवर तीनदा ठोकायचं. मी किती ठोके घातले मला आठवत नाही. अक्षता माझ्याबरोबर आत होती. तिने माझं मनगट धरून ठेवलं आणि बाहेर आल्यावर कुणाला एक शब्द सांगितला नाही. नंतर ती दुसऱ्या खेपेला सहज पास झाली.

माझ्या दुसऱ्या खेपेला मी आत गेलेच नाही. पोटात दुखतंय म्हणाले, महिन्याचं. सरांनी नजर खाली केली आणि लगेच हो म्हणाले. ते खोटं होतं, मामा. ज्या कारणाने लोक आम्हाला नको म्हणतात, नेमकं तेच मी माझ्या तोंडाने दिलं. त्या दिवसापासून मला अक्षताकडे बघवत नाही. आता मी खोलीचं दार उघडं टाकून झोपते. बाथरूमची कडी लावत नाही, अक्षताला बाहेर उभी करते.

तिसरी आणि शेवटची संधी २९ ऑगस्टला आहे. कोर्स सोडता येतो, इथे सगळे स्वखुशीने आलेत. गेल्या महिन्यात दोन मुलगे सोडून गेले. एक म्हणाला, मन लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्च्या उचलल्या आणि विषय संपला. माझी खुर्ची कुणी उचलणार नाही, तिच्याकडे बोट दाखवत राहतील. पुढच्या वर्षी मुली घ्यायच्या की नाही, ते आम्हा चौघींवरून ठरणार आहे. म्हणजे आत जाववत नाही आणि बाहेर पडता येत नाही. जिथे उभी आहे तिथे ते पाणी चढतंय असं वाटतं.

म्हणून तुला विचारते. तुझा कान गेला तेव्हा तुला कुणी घाबरट म्हटलं नाही. कान हा कुणाचा दोष नसतो, बाईचाही नाही. दुखायला कसं लागतं, डॉक्टर काय विचारतात, तू काय सांगितलंस, ते सगळं नीट लिहून पाठव. मी तेच सांगेन. तू म्हणत होतास तसंच झालं, आता एवढं तरी कर.

पूर्वी


परळ,
१५ ऑगस्ट २०२५

पूर्वी,

तुझं पत्र काल आलं. गच्चीच्या जिन्यावर बसून तीनदा वाचलं.

तुला हवी ती माहिती माझ्याकडे आहे. डॉक्टरला काय सांगायचं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण ते मी दोन दिवस घोकलं होतं. माझ्या कानाला काही झालेलं नाही. डाव्या कानाने मला ऐकू येतं. सव्वीस वर्षं येतंय.

नव्याण्णव साली सराव चालू होता. एकोणिसावा दिवस. आग नाही, गळती नाही, काही नाही. मी बंकवर पडलो होतो, नाकासमोर तोच पाइप, आणि अचानक वाटलं की वर पाणी आहे आणि आपल्याला दार नाही. ओरडू नये म्हणून मी स्वतःचा हात चावला. माझ्या मनगटावरचा व्रण कसला, ते तू लहानपणी विचारायचीस, मी म्हणायचो इंजिनाचा चटका. किनाऱ्याला लागल्यावर पुढच्या तपासणीत मी सांगितलं, दाब वाढला की डावा कान फुटतो, ऐकू येत नाही. डॉक्टर भला माणूस होता. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि लिहून दिलं. मला किनाऱ्यावर स्टोअरमध्ये टाकलं. मी सुटलो असं मला वाटलं.

पूर्वी, एकदा कान गेला की तो कायम गेलेला ठेवावा लागतो. डावीकडून कुणी हाक मारली की वळायचं नाही. मागून गाडीचा हॉर्न वाजला की दचकायचं नाही. लोक डावीकडे बसून काहीही बोलतात, ते ऐकून चेहरा कोरा ठेवायचा. तुझे बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा डॉक्टरांनी सुभाला बाजूला घेऊन सांगितलं, आता दोन दिवस. मी तिथेच बाकावर होतो, त्यांच्याकडे माझा डावा कान. सुभाने डोळे पुसले आणि ठरवलं की दादाला घरी गेल्यावर सांगू. माझी बहीण माझ्यापासून दोन हातांवर एकटी रडत होती आणि मी पेपर वाचत बसलो. तिच्या पाठीवर हात ठेवला असता तर कान उघडा पडला असता. ही माझी सुटका.

आणखी एक. मी तुला नको म्हणत होतो ते बाई म्हणून नव्हे. माझ्या मनात यायचं, आपल्याच घरातली आहे, माझं झालं तेच तिचं होईल. हे सांगायला मला माझं सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा बायकांच्या नावावर खपवणं सोपं होतं. सगळे माना डोलावतात, कुणी उलट प्रश्न विचारत नाही.

तेव्हा माझा कान घेऊ नकोस. २९ला आत जा किंवा जाऊ नकोस, ते तू ठरव. मी कुणाला काही म्हणणार नाही. पण जे असेल तेच लिहून ये. मी सव्वीस वर्षं बोटीतून उतरलेलोच नाही, एवढं तुला कळलं म्हणजे झालं.

चिंतामणी


विशाखापट्टणम,
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून आधी राग आला. बाबांचं वाचून फारच. मग दोन दिवसांनी राग गेला आणि तुझी कीव आली, आणि मग तीही गेली. आता फक्त वाटतं की त्या बाकावर मी तुझ्या शेजारी बसायला हवं होतं.

बावीस तारखेला कमांडर सरांकडे गेले आणि सांगितलं, मला बंद जागेची भीती वाटते, मागच्या वेळी पोटाचं खोटं सांगितलं होतं. सर म्हणाले, एकोणतीसला बघ एकदा, कित्येकांचं तिसऱ्या वेळी जमतं. मी म्हटलं, सर, मला कळलंय की जमणार नाही. त्यांनी फॉर्म दिला. क्लार्क चांगला माणूस आहे, हळूच म्हणाला, मॅडम, 'कौटुंबिक कारण' लिहा, मुलींचं ते लगेच मंजूर होतं. मी 'बंद जागेची भीती' असंच लिहिलं. सरांनी दोनदा वाचलं. म्हणाले, हे रेकॉर्डवर राहील. मी म्हटलं, राहू दे.

कानाचा बेत अक्षताला माहीत होता. मला वाटलं होतं ती मिठी मारेल. ती म्हणाली, "कान म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं? आता आम्हा तिघींना रोज सिद्ध करावं लागणार की आम्ही घाबरत नाही. साधा ताप आला तरी सांगायची सोय राहिली नाही." तिचं चूक नाही. मी खरं बोलले आणि त्याची शिक्षा तिला. तिने बॅग उचलली आणि दुसऱ्या खोलीत गेली. मी दार उघडं ठेवून बसले आहे. सुटल्यासारखं काही वाटत नाही.

पुढच्या महिन्यात जुन्या ऑफिसात हजर व्हायचं आहे. मध्ये दहा दिवस सुट्टी, पण गणपतीला येत नाही. आपल्या जिन्यावर त्या वाघिणीखालून वर चढणं मला जमणार नाही. आईला तूच सांग. काय सांगायचं ते तुझ्यावर.

पूर्वी


परळ,
२ सप्टेंबर २०२५

चि. पूर्वी,

सुभाला सांगितलं. तुझं आधी, मग माझं. बाकावरचंही सांगितलं. ती उठून दिवा लावायला गेली. मग मामीला सांगितलं. मामी म्हणाली, "सव्वीस वर्सां तुमच्या उजव्या बाजूक ऱ्हावान माका दाराच्या वाऱ्यात झोपवलास." उशी उचलून ती सुभाच्या खोलीत गेली. अजून तिथेच आहे. डबा मात्र वेळेवर येतो.

तुझी बातमी चाळीत पोचली होतीच. कुणाच्या तरी ग्रुपवर आलं, 'परळची वाघीण परतली,' पुढे हसरी तोंडं. दत्तारामने फ्लेक्स उतरवला. उतरवला ते बरं, पण काल आरतीनंतर त्याने माईक घेतला. देखाव्यासमोर तीनशे माणसं. म्हणाला, "आपले चिंतूमामा जूनमध्येच बोलले होते, पाणबुडी हे बायकांचं काम नाही. तेव्हा आपण हसलो. मामा, तुम्ही बरोबर होता, दोन शब्द बोला." टाळ्या पडल्या. माझ्या उभ्या आयुष्यात मला एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

माईक हातात आला तेव्हा मी घाबरलो होतो, ते कबूल करतो. नुसता हात जोडून खाली बसलो असतो तरी चाललं असतं. सुभा बायकांच्या रांगेत खाली मान घालून उभी होती. तिच्याकडे बघितलं आणि मी बोललो. म्हटलं, "माझा कान चांगला आहे. मी नव्याण्णव साली घाबरून बोटीवरून उतरलो आणि डॉक्टरला खोटं सांगितलं. तुम्हाला पण सांगितलं."

कुणाला कळेचना. मागे कोणी तरी हसलं. दत्तारामला वाटलं मी गंमत करतोय. म्हणाला, "मामा, काय पण. तुमची गोष्ट वेगळी."

मी म्हटलं, "वेगळी कशी? तीच बोट, तीच भीती. माझ्या भाचीने कागदावर लिहून दिलं, मी सव्वीस वर्षं लपवलं. ती घाबरली तर तुम्ही म्हणता बायका नकोत. मी घाबरलो तेव्हा पुरुषांची भरती कुणी थांबवली नव्हती."

यावर टाळ्या नाही पडल्या. दत्तारामने माईक घेतला आणि प्रसादाची रांग लावायला सांगितलं. प्रसाद घेताना लोक माझ्याकडे बघत नव्हते. पांडू मुकादम, ज्याला मी बोटीच्या गोष्टी सांगून वीस वर्षं पिडलं, तो म्हणाला, "चिंत्या, आता तुझं कुठलं खरं मानू?" आज सकाळी पाण्याला गेलो तर दोघं जण बोलणं अर्धवट टाकून बादल्या उचलून निघाले. जमलं तर अक्षताला एवढं कळव, की परळमधल्या एका चाळीत तरी आता कुणी म्हणणार नाही की फक्त मुली घाबरतात.

तू सुट्टीत तिथे एकटी बसू नकोस. पत्र मिळताच निघून ये. लोक बघतील, कुजबुजतील, एखादा तोंडावर बोलेल. बोलू दे. चाळीत आता घाबरलेली तू एकटी नाहीस, मी आहे.

तुझा
चिंतूमामा